कुणी न मागितलेला तह

कर्नच्या लढाईचं वर्णन ऐकायचं असेल तर शेख मुतलकच्या माडीवर जाऊन बसावं. दुपारची जेवणं उरकली, गात नावाच्या नशेच्या झुडपाची कोवळी पानं गालात जमली, की सांगायला सुरुवात होते. तिथे बसलेला प्रत्येक जण त्या दिवशी सगळ्यांत पुढे होता. एवढी माणसं पुढे होती तर मागे कोण होतं, हे विचारायची सोय नाही. त्याच दिवसाचं वर्णन दरीपलीकडे शेख हिजामच्या घरी ऐकलंत तर तिथेही सगळे पुढेच होते, आणि शत्रूने, म्हणजे मुतलकने, गुडघे टेकून तह मागितला होता. मुतलकच्या माडीवर तेच गुडघे हिजामचे असतात. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, ही विद्या शिकायची तर आमच्या डोंगरासारखी शाळा नाही.

या दोन्ही कथांत जुमानचं नाव येत नाही. आलं तर एवढंच, "मग दौशान आला."

जुमान दौशान होता. म्हणजे टोळ्यांचा ताशेवाला, दवंडीवाला आणि निरोप्या. लग्नात ताशा बडवायचा, ईदला शेखच्या सात पिढ्यांचे गोडवे ओरडून गायचे, आणि लढाई जुंपली की गळ्यात ताशा अडकवून दोन्ही फळ्यांच्या मधून चालत निरोप न्यायचे. बापही तेच करत होता, आजाही तेच. आमच्याकडे पुरुषाची जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर, पोटावर ताठ उभी असते; दौशानला ती लावायची मुभा नाही. त्याला जमीन नाही, टोळीतली मुलगी नाही, बैठकीत त्याची जागा चपलांपाशी. पण त्याच्यावर गोळी झाडायची नाही. दौशानला मारणं म्हणजे ऐब, तोंडाला काळं. शेखचा मुलगा मेला तर एका माणसाची भरपाई, दौशान मेला तर अकरा माणसांची.

"जिवंतपणी मला कुत्रं विचारत नाही," जुमान म्हणायचा, "मेलो की अकरा शेखांच्या बरोबरीचा. मरायचीच काय ती खोटी!"

या संरक्षणाची अट एकच. दौशानचा शब्द खरा पाहिजे. त्याने एकदा जरी खोटा निरोप दिला तरी संपलं. मग त्याला कुणीही, कुठेही मारावं, ना दंड ना भरपाई. आणि तहाचाही एक नियम होता. तह ज्याने मागितला त्यानेच तो परत करायचा. "घ्या तुमचा तह परत," असा निरोप मागणाऱ्याने दौशानच्या तोंडून पाठवला की बंदुका मोकळ्या. त्याआधी कुणी चाप ओढला तर ऐब. खून पचतो आमच्याकडे, ऐब पचत नाही.

आता कर्न म्हणजे काय, तर एक बोडका डोंगर. तिथे गवत नाही, पाणी नाही, शेळीसुद्धा चरायला जायला लाजते. माथ्यावर एक दगडी बुरूज, खाली खिंड, खिंडीपलीकडे दुसऱ्या राजाचा मुलूख. बस्स. एवढ्यावर मोहिमा निघायच्या.

जुमानला मिसरूड फुटत होतं तेव्हाची पहिली मोहीम. पलीकडचा राजा मोटारी घेऊन खिंडीतून आला. मुतलकच्या बापाने त्याच्यावर चार गोळ्या झाडल्या आणि मग त्याच्याकडून पिठाची पोती उतरवून घेतली. आमच्या इमामाची, म्हणजे इकडच्या राजाची, फौज खालून वर आली तेव्हा तिच्याकडून तांदूळ घेतला. दोन्ही राजांना वाटलं, डोंगर आपला. डोंगर जेवत होता. पुढे दूर कुठे तरी कागदावर सह्या झाल्या आणि सीमा आखायला साहेबलोक आले. जिथे मेंढरू चांगलं शिजलं तिथे सीमा यजमानाच्या बाजूने वाकली. कर्नच्या उतारावर त्यांनी चुना फासलेला एक खांब उभारला, त्याला सलामी दिली आणि गेले. त्यांची खेचरं वळणाआड झाली तशी लोकांनी खांब फोडला. दगड घडीव होते, हिजामच्या बापाच्या गोठ्याला कामी आले. त्यानंतर जन्मभर कुणी सीमा कुठे म्हणून विचारलं की जुमान सांगायचा, "हिजामच्या गाईच्या बुडाखाली. सकाळी शेण काढताना दिसते."

असलं बोलायची त्याला मुभा होती. दौशानचं तोंड कुणी धरत नाही. तारीफ त्याच्याकडून ऐकायची तर टोमणाही गिळावा लागतो.

त्याची बायको सुंबुला. नवऱ्या सजवायची, बाळंतपणं करायची. डोंगरातल्या अर्ध्या शूरवीरांना तिने पायाला धरून उलटं केलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या शौर्याचं तिला फारसं काही वाटत नसे. दोघांना एकच मुलगा जगला, मुर्शिद. लहानपणी त्याने लाकडाची जंबिया कोरली आणि पोटावर उभी बांधून गावभर हिंडला. मुतलकच्या पुतण्याने ती काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि तुकडे जुमानच्या ताशात टाकले. माडीवर सगळे हसले. जुमानही हसला. काय करणार, दुसऱ्या दिवशी त्याच पुतण्याच्या सुंतेला ताशा वाजवायचा होता. पण मुर्शिद बापाचं ते हसणं कधी विसरला नाही.

मग राजधानीत इमामाला हाकललं आणि जम्हूरियत, म्हणजे लोकांचं राज्य, आली. राजा नको, शेख नको, सगळे सारखे, असं रेडिओ दिवसभर ओरडायला लागला. इमाम आमच्याच डोंगरात पळून आला आणि लढाईला नव्याने हुरूप चढला. मुतलक इमामाकडे गेला, हिजाम जम्हूरियतकडे. त्या महिन्यात. पुढच्या महिन्यात उलट होते. बंदुका दोन्हीकडून येत होत्या, त्यामुळे निष्ठेचा तुटवडा नव्हता. मंगळवारी बाजार, म्हणून मंगळवारी लढाई बंद. सोमवारी ज्याच्या डोक्यावर नेम धरला त्याच्याकडून मंगळवारी मनुका घ्यायच्या, आणि वर म्हणायचं, "मूठभर जास्त घाल रे, काल तुला चुकवलं ना!"

विमानं यायची, बॉम्ब टाकायची. एकदा मधमाश्यांची पोळी जळाली आणि एक म्हातारं गाढव मेलं. दोन्हीकडच्या रेडिओने सांगितलं, कर्न आमच्या ताब्यात.

याच दिवसांत मुर्शिद खाली गेला आणि जम्हूरियतच्या फौजेत नाव घालून आला. गणवेश होता, बंदूक होती, आणि पट्ट्यात, पोटावर, ताठ उभी जंबिया. सुंबुलाने ती हाताने चाचपून बघितली आणि रडायला लागली.

"आमच्यात कुणी दौशान नाही, बाबा," मुर्शिद म्हणाला. "सगळे सारखे."

"सगळे सारखे?" जुमान म्हणाला. "मग तुमच्यात ताशा कोण वाजवतं?"

मुर्शिदने पट्टा सारखा केला. नंतर कळलं की तोच वाजवत होता.

तर ती लढाई. जम्हूरियतच्या साहेबाने कर्नच्या बुरुजात एक तुकडी ठेवली होती, तिच्यात मुर्शिद. एका पहाटे मुतलकची माणसं चालून गेली. थोडा धडाका झाला आणि तुकडी उतारावरून जी पळाली ती थेट हिजामच्या फळीमागे जाऊन थांबली. मुर्शिदच्या मांडीत गोळी होती. तो पळू शकला नाही. बुरुजाला दार एकच. मुतलकचा माणूस दाराकडे गेला की हिजामच्या बंदुका उडत; हिजामचा गेला की मुतलकच्या. म्हणून कुणीच जाईना. ऊन चढलं. दोन्हीकडचे वीर दगडाआड पडून गात चघळत राहिले, आणि वरून हाक यायला लागली.

"पाणी! कुणी तरी पाणी द्या!"

कर्नचा उतार असा आहे की वर कुणी खाकरलं तर खाली दोन्ही फळ्यांत ऐकू येतं. सगळ्यांनी ऐकलं. हिजामच्या फळीत कुणी तरी म्हणालं, "दवंडीवाल्याचं पोर ना, आवाज खणखणीत असणारच." हसू पिकलं. मुतलकच्या फळीतही काही वेगळं चाललं नव्हतं. आमचे लोक एकमेकांचे वैरी असले तरी विनोदाच्या बाबतीत भाऊभाऊ आहेत.

जुमानने गावातल्या टाक्यापाशी तो आवाज ऐकला आणि हातातली घागर तिथेच टाकली. धावत तो मुतलकच्या मोर्च्यापाशी पोचला. मुतलक सावलीत लोडाला टेकून बसला होता.

"शेख," जुमान म्हणाला, "वर माझा मुर्शिद आहे."

"माहीत आहे. आवाज येतोय."

"तह मागा, शेख. दुपारपुरता. मी जातो, उचलून आणतो. तुमच्या पुतण्याच्या वेळी मी गेलो होतो. तुमच्या मेहुण्याचं प्रेत मीच आणलं, पाठीवर. आठवतंय ना?"

"ते माझ्या रक्ताचे होते, जुमान." मुतलकने पानं दुसऱ्या गालात सरकवली. "तुझ्या पोरासाठी मी हिजामपुढे मान वाकवायची? उद्या लोक काय म्हणतील? ताशेवाल्याच्या कार्ट्यासाठी मुतलकने तह मागितला? आणि तो लढतोय कुणाकडून? त्यांच्याकडून! जा, त्यांना सांग."

"तुमची बंदूक दारावर आहे, शेख."

"बंदूक आहे तर ती दारावरच असणार. चुलीवर ठेवू?"

आसपासचे हसले. जुमान या वेळी हसला नाही. तो वळला, ताशा गळ्यात घातला आणि मधल्या माळावरून हिजामकडे चालत गेला. गोळ्या थांबल्या. दौशान चाललाय म्हटल्यावर दोन्ही बाजूंनी हात आखडले. अकरा माणसांची भरपाई कोण भरणार!

हिजाम कॉफीच्या टरफलांचा काढा पीत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. हिजाम गोड बोलायचा, हे त्याचं वैशिष्ट्य.

"फार वाईट झालं रे, जुमान. तुझा मुलगा म्हणजे आमचाच. वाघ आहे वाघ."

"मग तह मागा, शेख."

"मी कसा मागू? तो सरकारचा शिपाई. सरकारने मागायला हवा. साहेब खाली मैदानात आहे, वायरलेसवर बोलतोय. संध्याकाळपर्यंत काही तरी कळेल."

"संध्याकाळपर्यंत तो सुकून मरेल."

"अल्लाची मर्जी." हिजामने पेला पुढे केला. "काढा घेतोस?"

जुमानने पेल्याकडे बघितलं, मग हिजामकडे. "वरच्याला द्या," तो म्हणाला आणि उठला. सगळे सारखे म्हणे! शेखांच्या बाबतीत मात्र ते खरं ठरलं होतं, दोन्हीकडचे शेख अगदी सारखे होते.

माळाच्या मध्यावर एक मोठा खडक आहे. निरोप नेताना दौशान तिथे टेकतो. जुमान तिथे आला तर खडकाशी सुंबुला बसलेली, मांडीवर पाण्याने भरलेली चामड्याची मसक. बायकांवरही गोळी झाडत नाहीत, पण बुरुजाच्या दाराची गोष्ट वेगळी. दाराशी जे हलेल त्यावर झाडायचं, असा दोन्हीकडचा हुकूम होता.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"एकाची मान वाकत नाही. दुसऱ्याचा साहेब वायरलेसवर आहे."

वरून हाक आली. आता ती बारीक झाली होती. हाक संपेपर्यंत सुंबुलाने मसकेचं तोंड घट्ट धरून ठेवलं.

"मुर्शिदच्या बा," ती म्हणाली, "तीस वर्षं लोकांच्या पोरांसाठी घसा फोडलास. आता तुझं पोर हाक मारतंय तर तुझी वाचा बसली का?"

"तह कुणी मागितल्याशिवाय मी कसा पुकारू? खोटा शब्द दिला तर माझं काय होईल, ठाऊक आहे ना? कुत्र्यासारखा मारतील."

"ठाऊक आहे."

"तू बाई, सरळ सांगतेस, ठाऊक आहे?"

"मग काय लाडात सांगू?" सुंबुलाने त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच. "तुझा शब्द आजवर खरा राहिला, त्याचं त्यांनी काय केलं? सावलीत बसून ऐकला. माझं पोर उन्हात मरतंय. तो शब्द मला काय लोणच्यात घालायचा आहे?"

जुमानला भीती वाटली. चांगलीच वाटली. ज्या माणसाला जन्मभर कुणी गोळी घालणार नाही याची खात्री असते, त्याला भीतीची सवयच नसते. तो खडकाला धरून उभा राहिला, तोंडावरून हात फिरवला, आणि आला तसा मुतलककडे परत गेला.

या वेळी तो चपलांपाशी थांबला नाही. सरळ पुढे जाऊन खणखणीत आवाजात म्हणाला, "शेख मुतलक! शेख हिजाम तह मागतो."

मुतलक लोडावरून सरळ झाला. अर्ध्या प्रहरापूर्वी हाच माणूस पोरासाठी गयावया करत होता, हे तो विसरला होता असं नाही. बुद्धी होती त्याला. पण शत्रू तह मागतो हे शब्द कानाला इतके गोड लागले की बुद्धी बाहेर चपलांपाशी जाऊन बसली.

"मागतो? कसा मागतो?"

जुमानने क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघितलं. खोटं बोलायचंच तर कंजुषी कशाला!

"गुडघे टेकून," तो म्हणाला.

"ऐकलंत का रे!" मुतलक ओरडला. "हिजामने गुडघे टेकले! अरे, मी म्हणत नव्हतो? दिला! तह दिला! मुतलक थोर मनाचा आहे म्हणावं!"

तेच शब्द, तेच गुडघे घेऊन जुमान हिजामकडे गेला. हिजामने पेला खाली ठेवला, डोळे मिटले, आणि मध चाटल्यासारखे ओठ चाटले. "मला माहीतच होतं," तो हळूच म्हणाला. "दिला. गरीब बिचारा मुतलक." आणि साहेबाला वायरलेसवर कळवायला माणूस पिटाळला.

मग जुमान माळाच्या मध्यावर आला आणि त्याने ताशावर तहाचा ठेका धरला. संथ ठेका, ज्यावर बोटं चापावरून निघतात. सुंबुला मसक खांद्यावर टाकून त्याच्या मागे चालली. दोन्ही फळ्यांतली माणसं उभी राहून आळस द्यायला लागली. नवराबायको बुरुजाच्या दारातून आत गेली.

मुर्शिद भिंतीशी पडला होता. गणवेशाच्या पायाला रक्त वाळून घट्ट झालं होतं. जंबिया अजून पोटावर उभीच होती. सुंबुलाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मसकेचं तोंड त्याच्या ओठांना लावलं.

दोन घोट घेतल्यावर त्याने डोळे उघडले. "बाबा, तह झाला? कुणी मागितला माझ्यासाठी? साहेबाने? शेख हिजामने?"

विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जी आशा होती ती जुमानला बघवेना.

"पाणी पी," तो म्हणाला.

त्याने मुलाला पाठीवर घेतलं आणि दोन्ही सैन्यांच्या देखत उतारावरून खाली आणलं. ताशा सुंबुलाच्या गळ्यात होता आणि तहाचा ठेका तीच वाजवत होती. बाईने ताशा वाजवलेला आमच्या डोंगराने पहिल्यांदा बघितला. त्यावर मात्र दोन्ही फळ्यांत जोरदार चर्चा झाली, की हे रीतीला धरून आहे का.

संध्याकाळी दोन्ही गावांत बैल कापले. मुतलकच्या अंगणात हिजामच्या गुडघ्यांवर गाणी रचली गेली, हिजामच्या अंगणात मुतलकच्या. इमामाकडून मुतलकला शाबासकी आली आणि बंदुकांची एक खेप. जम्हूरियतकडून हिजामला तेवढीच. विजय दोघांचा झाला होता, त्यामुळे कुणाचीच तक्रार नव्हती. जुमानने दोन्हीकडे ताशा वाजवला आणि दोन्हीकडचं मटण सुंबुलासाठी बांधून आणलं.

पण तह परत येईना. मुतलक वाट बघत होता, हिजाम तह परत करील मग आपण पुन्हा चढाई करू. हिजाम वाट बघत होता, मुतलक करील. ज्याने मागितला त्याने परत करायचा. आधी चाप ओढणं म्हणजे ऐब. खाली मैदानातला साहेब तांबडालाल होऊन विचारायचा, हल्ला कधी? हिजाम त्याला गोड आवाजात सांगायचा, "रीत आहे, साहेब." इमामाचा माणूस मुतलकला विचारायचा, मुतलक म्हणायचा, "शत्रूची दया येते, काय करू?" असे आठवड्यांमागून आठवडे गेले. कर्नवर कावळे निवांत बसायला लागले.

अखेर एका मंगळवारी बाजारात, मधवाल्याच्या दुकानापाशी, दोघे शेख समोरासमोर आले.

"काय हिजाम," मुतलक मिशीवर हात फिरवत म्हणाला, "कधी परत करतोस?"

"काय परत करतोस?"

"तह. तुझा तह."

"माझा? तुझा तह, तू कर परत."

"माझा? मी मागितला? मी?"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांच्याही माना एकदमच वळल्या. बाजाराच्या टोकाला जुमान कुणाच्या तरी हरवलेल्या शेळीची दवंडी पिटत होता.

जुमानने त्यांना येताना बघितलं आणि ताशा थांबवला. मुतलकचा हात जंबियेच्या मुठीवर होता. हिजामच्या चेहऱ्यावर गोडवा नव्हता.

"दौशान," मुतलक दात खात म्हणाला, "तू खोटा शब्द दिलास."

"दिला, शेख."

"याला शिक्षा काय, माहीत आहे?"

"माहीत आहे." जुमानने ताशा गळ्यातून काढून जमिनीवर ठेवला आणि मान मोकळी केली. "मारायचं तर इथेच मारा, भर बाजारात. आणि कशाबद्दल मारताय ते मोठ्याने सांगून मारा, म्हणजे रीतीप्रमाणे होईल. की शेख हिजामने तुमच्यापुढे कधी गुडघे टेकलेच नव्हते, आणि तुम्ही त्यांच्यापुढे नव्हते. दवंडी द्यायला माणूस लागला तर मी आहेच, ते माझं कामच."

आजूबाजूला माणसं जमायला लागली होती. काय झालं, काय झालं? मुतलकने गर्दीकडे बघितलं. त्यात त्याचा पुतण्या होता, गाणी रचणारा होता, इमामाचा माणूस होता. हिजामने बघितलं, त्याचेही सगळे होते. बैल खाऊन पचला होता. बंदुका वाटून झाल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"काही नाही," हिजाम आधी म्हणाला. "शेळीचं विचारत होतो. कुणाची हरवली म्हणालास?"

"पांढरी शेळी, एका कानाची," जुमान म्हणाला. त्याला इतका घाम फुटला होता की ताशा उचलताना काठ्या हातातून निसटल्या.

तेरी भी चूप, मेरी भी चूप. तो तह कुणी परत केला नाही, कारण करणार कोण? लढाई दुसरीकडे गेली, तिकडे पुष्कळ माणसं मेली, राजधानीत राज्यं बदलली, पुढे खिंडीपलीकडच्या राजाने काटेरी तारा ओढल्या. पण कर्नच्या उतारावर त्यानंतर गोळी उडाली नाही. मुर्शिद लंगडत का होईना चालायला लागला. त्याने गणवेश जाळला, जंबिया विकली आणि बाजाराच्या तोंडाशी ट्रकच्या टायरांचं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. दोन्ही शेखांच्या गाड्या तिथेच यायच्या. पंक्चर काढताना त्याच्यासमोर त्या लढाईच्या गप्पा निघायच्या, आणि तो मान खाली घालून हवा भरायचा.

खोटं पुन्हा पुन्हा सांगितलं की ते सांगणाऱ्यालाच खरं वाटायला लागतं. म्हातारपणी मुतलकला मनापासून वाटत होतं की हिजामने निरोप पाठवला होता. हिजामलाही तसंच. म्हणून जुमान अंथरुणाला खिळला आणि आता काही खरं नाही असं गावात पसरलं, तेव्हा मुतलक काठी टेकत त्याच्या घरी आला. जन्मात पहिल्यांदा. मुतलक गेलाय म्हटल्यावर हिजामही आला, न जाणो, मरताना त्याच्याच बाजूने बोलायचा! घर एका खोलीचं. बसायला जागा दाराशीच होती, दोघे तिथे टेकले.

"जुमान," मुतलक वाकून म्हणाला, "आता लपवायचं काही राहिलं नाही. बाजारात तू ते रागाने बोललास, मला कळतं. हिजामनेच पाठवलं होतं ना तुला?"

"खरं सांग, जुमान," हिजाम गोड आवाजात म्हणाला. "तू अल्लाच्या दारात उभा आहेस. यानेच मागितला ना?"

सुंबुला कोपऱ्यात बसली होती. मुर्शिद उशाशी पेला घेऊन बसला होता. त्याने बापाच्या ओठांना पाणी लावलं. जुमान थोडं प्यायला. जन्मभर डोंगर दणाणून सोडणारा आवाज आता खोलीपुरता उरला होता.

"तह कुणीच मागितला नव्हता," तो म्हणाला. "माझ्या पोराने पाणी मागितलं होतं. सकाळपासून मागत होता. ते तुम्ही दोघांनी ऐकलं होतं."

दोघे शेख उठले. चपला शोधाव्या लागल्या नाहीत, त्यांच्यापाशीच ते बसले होते.